पोच मागणारे अण्णा

नौबादच्या वाचनालयात रविवारी आमचा लिहिण्याचा वर्ग भरतो. बाई एक शब्द देतात आणि दहा मिनिटं पेन न थांबवता मनात येईल ते लिहायला सांगतात. माझ्या शेजारचे अण्णा जन्मभर कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहीत आले, त्यामुळे त्यांच्या मनात अर्जच येतो. 'चिंच' दिली की ते लिहितात, 'विषय: चिंच आंबट असल्याबाबत', आणि खाली सही करून बाईंकडे पोच मागतात.

"अण्णा, कामून असं?" बाई विचारतात.

"बिनविषयाचं कोण वाचायलंय, अक्का?"

परवा शब्द होता 'दार'. मी सातवीत शाळा सोडलेली, गावापासून लांब इथं हॉस्टेलात स्वयंपाक करते. पान भरलं होतं, पण वाचायची पाळी आली तशी वही मिटून मी उठलेच. अण्णांनी ती काढून घेतली, चष्मा लावला आणि उभे राहिले.

"विषय: माहेरचं दार जमिनीला घासत असल्याबाबत. अर्जदार स्वतः हजर आहे."

मग माझं पान त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, एक शब्द न बदलता.

"मंजूर करा, अक्का. न्हाईतर अर्जदार पळून जायलीय."

बाईंनी हसत सही केली. अण्णांनी शाई फुंकून वाळवली आणि वही मला दिली. "पोच हाय, जपून ठेव."

वही हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर, हात पुसून बघता येईल अशी ठेवलीय.