कपावरचा निळा पक्षी

नव्वद सालाच्या आसपास धुळ्याच्या बाजारात एक माणूस हाताने घडवलेले चिनी मातीचे कप विकायचा. पांढऱ्या कपावर निळा पक्षी. गिऱ्हाईक आलं की तो आधी कपाच्या कडेवर नखाने टिचकी मारायचा आणि आवाज विरेपर्यंत डोळे मिटून ऐकायचा.

मी कचेरीत कारकून, पण इतिहासाचं वाचन दांडगं. ऐकणारा तेवढा मिळत नसे. हा आयताच सापडला. मी सुरू झालो: हा पक्षी मूळचा चिनी, जहाजातून सुरतेला उतरला, मग व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर खानदेशातून बऱ्हाणपूरकडे गेला, वगैरे. तो मान डोलवत राहिला. शेवटी म्हणाला, "चिनीच शे, भाऊ." मी खूश होऊन दोन कप घेतले.

तेवढ्यात एका बाईने त्याला विचारलं, "हाऊ मोर शे का, भाऊ?"

"मोरच शे, अक्का," तो तितक्याच मनापासून म्हणाला.

माझा सगळा इतिहासच धोक्यात आला. मी तावातावाने म्हणालो, "अहो, मला तर चिनी म्हणालात!"

त्याने टिचकी मारली, आवाज शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाला, "माले एकच पक्षी काढता येस, भाऊ. नाव ज्यानी त्यानी ठेवानं."

यातून मी काही शिकलो म्हणाल, तर छे! आजही पाहुणे आले की मी तो कप पुढे करून सुरतेपासून सुरुवात करतो. बऱ्हाणपूर यायच्या आतच स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज येतो, "अहो, चहा झाला असेल तर तो कोंबडीचा कप आत आणा!"