वॉरंटीतले दोस्त

गॅरेजात जुने टायर अन् किस्से सारखेच साचतेत. कामाचे नसतेत, पण फेकाले जीव होत नाई! माहं गॅरेज आरमोरीत. तिथलेच हे चार-पाच.

* * *

देवरावभाऊ तलावातल्या मासोळीचा धंदा करतेत. त्याइची जुनी जीप माह्याच हातची. रोज सकाळी माह्या बाकावर बसून राजकारणावरून माह्यासंग भांडाचे. मग त्याइनं नवीन कार घेतली. शोरूमवाला म्हणाला, "बाहेरच्या मेकॅनिकनं हात लावला तं वॉरंटी गेली!" झालं. भाऊ दुरूनच हॉर्न मारून निघून जाऊ लागले.

एक दिवस रस्त्यातच अडवलं. "थांबत काऊन नाई भाऊ?"

"अन् कोणी फोटो काढून शोरूमले धाडला तं?"

* * *

आमचे आनंदराव मास्तर. त्याइचीबी गाडी नवीनच. हवा भराले आले. म्या पाइप उचलला तं म्हणतेत, "थांब, शोरूमले विचारतो." फोन लावला. हवा चालते म्हणे. तरी मास्तरच्या जीवात धाकधूक.

"टोपन मीच काढतो. तू फक्त हवा सोड!"

* * *

एकदा देवरावभाऊ भर उन्हात पायीच आले. गाडीतून आवाज येऊन राह्यला म्हणे. कसा? भाऊनं तोंडानं काढून दाखवला, "किर्रर्र... खट!"

"असं कसं समजन भाऊ? गाडी आणा ना!"

"गाडी कशाले? आवाज आणला ना!"

* * *

भाऊची पुतणी गडचिरोलीत वकील आहे. तिनं बजावून सांगितलं, "काका, बाहेर ऑइल बदललं म्हणून वॉरंटी जात नाई. पक्कं बिल ठेवा अन् बिनधास्त जा. तुमचा हक्क आहे."

भाऊ म्हणाले, "हक्क आहे पोरी. पण शोरूमच्या त्या काचेच्या केबिनीत गेलो का माहं तोंडच उघडत नाई!"

हे मले तिनंच सांगितलं. हसलो खूप, पण मनातून लय वाईट वाटलं. काम काय, दुसऱ्या गाड्यांचं होतंच. पण सकाळी भांडाले कोणी नसलं का दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नव्हता. लय आठवण येत होती माणसाची.

* * *

परवा सकाळी कार थेट दारात. भाऊ उतरले, स्वतःच बोनेट उघडलं अन् बाकावर येऊन बसले.

"काय बिघडलं भाऊ?"

"काईच नाई. काल वॉरंटी संपली. शोरूमवाला म्हणे, वाढवून घ्या, अजून दोन वर्स निवांत राहा."

"मग?"

"म्या म्हटलं, बाबू, तीन वर्स निवांतच होतो. आता नाई राहवत!"