सहाव्या मजल्यावरची खोड

परबकाकांकडे बंद टीव्ही नेला, की "काय बिघडलंय?" असं ते कधी विचारत नसत. चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "ह्याची खोड काय?" गिऱ्हाईक बुचकळ्यात पडायचं. टीव्हीला कसली आलीय खोड! पण ती ऐकल्याशिवाय काका स्क्रू ड्रायव्हर हातात घेत नसत. आमच्या टीव्हीच्या आवाजाचं बटण कुणीतरी उलटं जोडलं होतं. डावीकडे फिरवलं की आवाज वाढायचा. काकांनी चित्र लख्ख करून दिलं आणि बटण तसंच उलटं ठेवलं. मी तक्रार केली, तर म्हणाले, "तुझ्या बाबांचो हात तसो बसलो आसा. दुरुस्त करूचा म्हणजे होता तसा करूचा. चांगला करूक मी कोण?"

बोरीवलीला आमच्याच सोसायटीत, तळमजल्यावर, काका-काकी राहायचे. चाळीस वर्षं इथे काढूनही काकांच्या बोलण्याला मुंबई म्हणून चिकटली नाही. मालवणातून कालच उतरल्यासारखे बोलायचे. घरात जुन्या यंत्रांची दाटी, पण मान एकालाच: टीव्हीला जोडायचा, रबरी बटणांचा एक जुना घरगुती कॉम्प्युटर. कुणी गिऱ्हाईक तो दुरुस्तीला टाकून परदेशी गेलं ते गेलंच. सोबत एक कॅसेट होती आणि कॅसेटमध्ये एक खेळ. बुटका दिवेवाला फळ्याफळ्यांवरून उड्या मारत दहा मजले चढतो आणि प्रत्येक मजल्यावरचा कंदील पेटवतो.

काका या खेळात अगदीच ढ, चौथ्या मजल्यावर हमखास पडायचे. काकी मात्र जेवणं उरकली की रोज दहावा कंदील पेटवायच्या आणि मगच आडव्या व्हायच्या. पुढे काचबिंदूने त्यांची नजर गेली. तरी खेळ सुटला नाही. पावलांची टिकटिक, वटवाघळाची चिर्र, एवढ्यावर त्यांची बोटं बरोबर वेळेला पडायची. "डोळे गेले, दिवेवालो खंय गेलो?" म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या.

मग एक दिवस तो कॉम्प्युटरच गेला. आतली मुख्य चिप जळाली आणि तसली दुसरी कुठे मिळेना. मी पवईच्या एका कंपनीत प्रोग्रॅम लिहिते, त्यामुळे यातलं आपल्याला फार कळतं असा माझा समज होता. मी ऐटीत लॅपटॉप नेला, जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम टाकला आणि खेळ लावून दिला. काकींनी दोन मिनिटांत हात काढून घेतला. "बटण दाबलंय की मगे उडता. उशीर करता हो." खरंच होतं. नक्कल पापणी लवते त्याहूनही कमी वेळाने, पण मागे पडत होती. मला ते जन्मात कळलं नसतं.

काकांच्या माळ्यावर दुसऱ्याच जातीचा एक घरगुती कॉम्प्युटर पडून होता, भंगारवाल्याकडून उचललेला, जाडजूड बटणांचा. त्याची बटणं दाबताक्षणी लागायची. पण हा खेळ त्याच्यासाठी कुणी केलाच नव्हता, आणि दोन्ही यंत्रांची आतली भाषा वेगळी. एकाची कॅसेट दुसऱ्याला चालायची नाही. "मग आपण करूया," काका म्हणाले, जणू प्लगची वायर बदलायचीय. सत्तरीच्या माणसाने आलेखाच्या वहीत पेन्सिलने सगळा खेळ नव्याने लिहायला घेतला. माझ्या लॅपटॉपवर बघून उडी किती उंच, हवेत किती वेळ, पाऊल कधी वाजतं, सगळं मोजलं. मी म्हटलं, "काका, या मशीनवर झकास रंग येतील. आवाजही भारी होईल." काकांनी वर न बघता विचारलं, "कोणाक व्हये रंग?"

सहाव्या मजल्याचं काम माझ्याकडे होतं. तिथे तीन वटवाघळं एकदम यायची आणि जुन्या यंत्राला तेवढा भार पेलायचा नाही. खेळ क्षणभर जडावायचा. माझ्या लेखी ती सरळसरळ चूक. मी ती काढून टाकली आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. काकांना कळायचा प्रश्नच नव्हता. ते कुठे सहाव्यावर पोचतात!

दीड वर्षाने एका रविवारी ते यंत्र काकींपुढे ठेवलं. पहिले पाच मजले झरझर चढल्या. सहाव्यावर पडल्या. पुन्हा पडल्या. सात-आठ वेळा झालं, तेव्हा दोन्ही हात मांडीवर ठेवून हळूच म्हणाल्या, "ऱ्हवांदे आता. डोळ्यांबरोबर माझो हात पण गेलो." आणि भिंत चाचपत स्वयंपाकघरात गेल्या. नजर गेली तेव्हाही ही बाई अशी खचलेली मी पाहिली नव्हती. मला फार वाईट वाटलं, पण त्यात आपला हात आहे हे डोक्यात आलं नाही.

काकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "मेधा, सहाव्यावर काय केलंस?"

"तिथे गेम स्लो व्हायचा ना काका, ते काढलं. चांगलं केलं उलट."

"चांगला करूक तू कोण गो?"

मला रागच आला. इतके रविवार घातले त्याचं हे फळ! "काका, तो बग होता!"

"तुझ्यासाठी बग. तिच्यासाठी ती पायरी होती. तू पायरी काढलंस."

मग ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि आत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाले, "गो, तुझो हात बरोबर आसा. खेळ चुकलो. सांजेक दुरुस्त करून देतंय."

चांगला पळणारा खेळ मुद्दाम जड करायला मला वहीत अकरा ओळी लिहाव्या लागल्या. कंपनीत असलं काही लिहिलं तर लोक हसतील. संध्याकाळी काकी बसल्या. सहाव्यावर खेळ जडावला, त्यांनी एक श्वास घेतला आणि उडी मारली. दहावा कंदील पेटला. त्यांनी माझ्याकडे तोंड करून फक्त विचारलं, "च्याय घेतलंस काय गो?"

काका गेल्या वर्षी गेले. दिवसकार्य झाल्यावर काकींनी ती आलेखाची वही मला दिली. तुलाच द्यायची, असं ते सांगून ठेवून गेले होते. सहाव्या मजल्याच्या पानावर, माझ्या अकरा ओळींशेजारी, समासात काकांच्या अक्षरात लिहिलं होतं: "खोड. काढू नये. मेधाने परत बसवली." मी ते उभ्या उभ्या वाचलं आणि मला रडू आलं. आतल्या खोलीतून पावलांची टिकटिक येत होती. मध्येच ती जडावली, आणि मग पुढे निघाली.