नणंदेबरोबर पीटर्सबर्ग

युक्रेनच्या युद्धाच्या आधीची गोष्ट. तेव्हा आम्स्टरडॅमहून सेंट पीटर्सबर्गला सरळ विमान जात असे. माझी थोरली नणंद पुण्याहून आम्स्टरडॅमच्या बुइटनव्हेल्डर्ट भागातल्या आमच्या घरी आली होती आणि तिघांनी मिळून जायचं ठरलं होतं. ऐन वेळी नवऱ्याची सुट्टी रद्द झाली. "तुम्ही दोघी जाऊन या," तो म्हणाला. आमचं दोघींचं कधीच पटलं नव्हतं, हे त्याला माहीत होतं.

पहिल्या राजवाड्यात बुटांवर कापडी पिशव्या चढवून आत सोडलं. सोन्याच्या मुलाम्याची दालनं बघत ताई म्हणाल्या, "एवढं पुसायचं कोणी? तुझ्याच्याने तर ओटासुद्धा पुसला जात नाही." मी पुढच्या दालनात निघून गेले. दिवसभर मी पुढे, त्या मागे.

दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या संग्रहालयात गेलो. तिथे एका डच चित्रकाराचं भलंमोठं चित्र आहे. घर सोडून गेलेला मुलगा फाटक्या कपड्यांत परत आलाय, बापापुढे गुडघे टेकून बसलाय आणि म्हाताऱ्याचे दोन्ही हात त्याच्या पाठीवर आहेत. ताई बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, चला, एक तरी गोष्ट दोघींना आवडली.

"आमचे आप्पा असेच वाट बघत बसलेत," त्या म्हणाल्या. "आणि तू माझ्या भावाला परत येऊ देत नाहीस."

"असं कोण म्हणालं?"

"तोच. दर फोनला सांगतो, ती तयार नाही म्हणून."

मी पुण्यातली चित्रकला शिक्षिकेची नोकरी सोडून त्याच्यामागे आले होते. परत जाऊ या म्हणून त्याच्या विनवण्या मीच करत होते.

"त्याने डच नागरिकत्वासाठी अर्ज केलाय, ताई. मी केलेला नाही. विचारा त्याला."

"खोटं बोलू नकोस." आवाज एवढा चढला, की पहाऱ्यावरच्या बाईने आम्हाला दाराकडे बोट दाखवलं.

परतल्यावर तो विमानतळावर घ्यायला आला होता. ताईंनी बॅग खाली ठेवायच्या आधीच विचारलं, "अर्ज केलास का रे?"

त्याने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. "तू सांगितलंस?" त्याने मला विचारलं.

ताई ठरल्याआधीच पुण्याला गेल्या. खरं कळूनही आता त्या भावाशी बोलतात, माझ्याशी नाही. त्याला डच पासपोर्ट मिळाला. आम्ही एकाच घरात राहतो, पण मी त्याला माफ केलेलं नाही आणि करायची इच्छाही नाही.