पेद्रूमास्तरांचा ढावलो

"मी न्हाई म्हननार," सोमलीयाडी म्हणाली आणि मांडवातच फतकल मारून बसली. तिच्यासोबतच्या तिघी बायकाही बसल्या. समोर आमचा चाळीस जणांचा ऑर्केस्ट्रा वाद्यं सावरून तयार, मास्तरांची छडी हवेत. संध्याकाळी हिंगोलीचा प्रोग्राम आणि पाहुण्या गायिका जमिनीवर! बोंबला.

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. मी तेव्हा हैदराबादच्या एका ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचो. मूळचा कळमनुरीचा, म्हणून इकडच्या माणसांशी बोलायचं लचांड माझ्याच गळ्यात.

"रशीद, काय झालं विचार," पेद्रूमास्तर म्हणाले. मास्तर आमचे कंडक्टर. कंडक्टर स्वतः काही वाजवत नाही, छडी हलवून बाकीच्यांना एका चालीत ठेवतो. माणूस गोव्याचा, तोंडानं फटकळ, आतून लोणी. मागच्या दौऱ्यात सेनगावच्या रस्त्यावर त्यांना तांड्यातून एका पोरीचं गाणं ऐकू आलं. लॉरी थांबवून त्यांनी तिथंच सूर लिहून घेतले आणि पुढं वर्षभर खपून त्यावर ऑर्केस्ट्रासाठी एक तुकडा रचला. हिंगोलीनंतर ते नोकरी सोडून कायमचे गोव्याला निघणार होते. जाण्याआधी हा तुकडा तांड्यातल्या बायकांसोबत एकदा वाजावा, एवढ्यातच त्यांचा जीव अडकला होता. तांड्याच्या नायकाला निरोप गेला, 'गाणाऱ्या बायका आणा.' कोणतं गाणं, हे सांगायचं कुणाला सुचलंच नाही. तालमीत आम्ही चाल वाजवली आणि बायका बसल्या.

मी सोमलीयाडीजवळ उकिडवा बसलो. याडी म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत आई.

"याडी, काहून रुसली?"

"रुसले न्हाई लेकरा. ह्यो ढावलो हाय. पोरगी सासरी निघती तवा एकेकाच्या गळ्यात पडून रडत म्हनती. मीच शिकविते तांड्यातल्या लगीन ठरल्याल्या पोरींना. पन कुनी निघालंच न्हाई अन् उगी म्हनला, तर अपशकून व्हतो. माझी लेक दोन जिवांची हाय. तिच्यावर आलं तर?"

मागून नायक खेकसला, "तालुकदारसायेब येऊन राहिले! नाक कापती का माझं?" तालुकदार म्हणजे तेव्हाचा कलेक्टर. नायकाला घाम फुटणं साहजिक होतं.

मी मास्तरांना सगळं सांगितलं. वाटलं, आता हे फाडून खातात. त्यांनी छडी खाली ठेवली.

"नको. कुणाच्या लेकीला घोर लावून म्युझिक नको. तुकडा रद्द."

मग पाठ फिरवून स्वतःच आमच्यासमोरचे सुरांचे कागद गोळा करायला लागले. एकेक पान हातानं सपाट करत होते. मला बघवेना हो.

याडीही बघत होती. "म्हातारा येवढा काहून उतरला?"

"उद्या आम्हाला सोडून चाललेत. कायमचे."

"ह्या समद्यास्नी सोडून?" तिनं चाळीस जणांवरून नजर फिरवली. "मंग आधी सांगावं न्हाई का, मेल्या! निघनारं मानूस हाय की!" ती उठलीच. "पन मी न्हाई म्हननार. जो निघतो त्यानंच म्हनायचं असतंय. त्याला म्हनू दे. आमी त्याच्या घरच्या बाया व्हतो, मागून साथ देतो."

मास्तरांचा गळा म्हणजे फुटकं घंगाळ. ते म्हणाले, "व्हायोलिनवर म्हटलं तर चालेल का, विचार." चाललं. त्यांनी माझं व्हायोलिन घेतलं, म्हणून छडी माझ्या हातात आली. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तीही तालुकदारांसमोर!

मग लग्नाच्या पोरीला शिकवावं तसं याडीनं मास्तरांना शिकवलं. मास्तर डोळे मिटून वाजवायला लागले की खांद्यावर थाप बसायची. "डोळे उघड. कुनाच्या गळ्यात पडून राहिला, त्याच्या तोंडाकडं बघ."

संध्याकाळी त्यांनी तेच केलं. एकेकासमोर उभं राहायचं, त्याच्याकडं बघून दोन ओळी वाजवायच्या, पुढं सरकायचं. ज्यांना जन्मभर 'गाढवा, सूर बघ' म्हणून झापलं, त्यांच्यासमोर उभे होते. मागून बायकांचा आवाज असा आला की मांडवातल्या बायांनी पदर तोंडात कोंबले. माझ्यापुढं आले तेव्हा मी छडी हलवायचीच विसरलो. बाप निघाल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू. बाकीचे मात्र न चुकता वाजवत राहिले.

तुकडा संपला. यानंतर मार्च होता, म्हणजे पलटणीच्या कवायतीची जोशातली चाल, ट्रंपेटनं सुरू होणारी. मी छडी उचलली. आवाज नाही. पुन्हा उचलली. ट्रंपेट ओठांच्या जोरावर वाजतो, आणि ट्रंपेटवाल्याचे ओठ आवरत नव्हते. क्लॅरिनेटवाला तर हुंदके देत होता. कडेला सोमलीयाडी मास्तरांचे डोळे आपल्या ओढणीनं पुसत होती. शेवटी व्हायोलिनवाल्यांनीच मार्च कसाबसा ओढत नेला. तालुकदारसाहेबांना तो अंगाईच वाटला असणार. त्यांचाही रुमाल बाहेर होता.

पुढं मीही कंडक्टर झालो. प्रोग्राम ठरवताना एक नियम कधी मोडला नाही. निरोपाच्या गाण्यामागं फुंकायचं वाद्य लावायचं नाही. व्हायोलिनवाल्याला रडत रडत वाजवता येतं, ट्रंपेटवाल्याला येत नाही.