मिरचीवरचा आळ

हे मी लिहावं की नाही, याचा विचार पंधरा दिवस केला. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि ज्याबद्दल लिहायचं ती गोष्ट बायकांची आहे. माझ्या वयाच्या मुलाने ती लिहिणं कोणाला आगाऊपणाचं वाटलं, तर आधीच माफी मागतो. पण कुसुममावशींबद्दल लिहायचं आणि नेमकं हेच गाळायचं, हे त्यांनाच चालणार नाही.

कॉलेजसाठी मी शहरात राहतो, तिथे मनीषनगरात त्यांची मेस होती. घराच्या पुढच्या खोलीत दोन लांब टेबलं आणि जेवायला आम्ही बारा पोरं. पहिल्याच दिवशी माझ्या ताटात भात वाढता वाढता त्या थांबल्या. चेहरा लाल झाला, कपाळावर घाम आला. भाताचं पातेलं टेबलावर ठेवून त्या पंख्याखाली जाऊन उभ्या राहिल्या, ओला पंचा मानेवर दाबला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आली. दोन मिनिटं थांबा गा, जाऊ द्या तिले."

मी घाबरून विचारलं, "बरं नाही का, मावशी?"

"बरी आहो. पाळी जायच्या वयातली गर्मी आहे ही. असा काहून पाहतं? चोरी केली का मी, लपवाले?"

मी मान खाली घालून जेवलो. भात आणखी हवा होता, पण मागितला नाही.

इतरांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सिलिंडर लावल्याची तारीख असते. मावशींच्या कॅलेंडरवर टिंबं असायची. गर्मी आली की लाल, झोप लागली नाही की निळं. त्या टिंबांवरूनच त्यांना कळलं, की दुपारच्या तिसऱ्या चहानंतर आणि झणझणीत रश्शाच्या दिवशी त्रास वाढतो. मग चहा एकावर आला, पहाटेचं चालणं सुरू झालं आणि रस्सा फिका झाला. पोरांनी कुरकुर केली. "मावशी, हा रस्सा आहे का काढा?" एकाने विचारलं. "तुले झणझणीत पाहिजे तं वरून तिखट घे. माह्या अंगात आधीच भट्टी आहे," त्या म्हणाल्या.

एकदा भांडी आवरताना त्यांनी मला सांगितलं, की आधी दोन वर्षं त्या हे हृदयाचं दुखणं समजून गप्प होत्या. छातीत धडधड, घाम, उगाच रडू. मरणार असं धरून त्यांनी लेकीला दागिन्यांचा डबासुद्धा दाखवून ठेवला होता. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी तपासून दहा मिनिटांत समजावलं. "दोन वर्षं फुकट भेली मी," मावशी म्हणाल्या. "तवापासून ठरवलं, जे होते ते तोंडानं सांगायचं."

माझी आई भिवापूरला सातऱ्यावर जाते. मिरच्या वाळवून त्यांची देठं खुडतात त्या मोकळ्या जागेला आमच्याकडे सातरा म्हणतात. गेल्या हिवाळ्यात फोनवर ती म्हणाली, "मी काम सोडून राहिली. मिरची अंगात भिनली माह्या. सारी आग आग होते." सातऱ्यावरच्या बायका असंच म्हणतात. कितीतरी जणींनी चाळिशी-पन्नाशीत या कारणाने काम सोडलेलं मी लहानपणापासून ऐकत आलो. मलाही ते खरंच वाटलं.

मी हे मेसमध्ये सहज बोललो. मावशींनी पोळी तव्यावरच ठेवून विचारलं, "आग हाताले होते, का छातीतून वर तोंडाकडे चढते? आणि सातरा बंद असते त्या दिवशी होते का नाही?"

हे आईला मी कसं विचारणार होतो? मी नंबर लावला आणि फोन मावशींच्या हातात दिला. दोघींची ओळखदेख नव्हती. आधी आई "हो, नाही" एवढंच बोलत असावी. मग मावशी म्हणाल्या, "चोरी केली का वं बाई आपण? सांग नं." त्यानंतर त्या बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, "गर्मी वयाची आहे, मिरचीची नाही. तिचं भेव नाही. पण तिची पाळी जाऊन दीड वर्ष झालं, आणि आता दोनदा रक्त दिसलं. ते बी तिनं मिरचीवरच ढकललं. वर्षभर बंद राहून परत दिसलं तं डॉक्टरले दाखवाच लागते. या हप्त्यातच आण तिले."

त्या दिवशी मी मोबाईलवर वाचू नये ते सगळं वाचलं. बहुतेक वेळा कारण साधंच असतं, असंही तिथे लिहिलं होतं. माझी नजर मात्र एकाच शब्दावर अडकली होती, कर्करोग.

आई आली. दवाखान्यात मावशी तिच्यासोबत आत गेल्या, मी बाहेर बाकावर बसलो. गर्भाशयात एक छोटा मस, म्हणजे मांसाची वाढ, सापडला. तो काढून तपासायला पाठवला. त्याच आठवड्यात मावशींनी मेस बंद केली. गुडघे ऐकेनात, म्हणून त्या लेकीकडे काटोलला निघाल्या. जाताना भिंतीवरचं कॅलेंडर काढून, उरलेले महिने वापर म्हणून त्यांनी आईला दिलं. लाल आणि निळा पेनही दिला.

रिपोर्टच्या दिवशी माझा दुपारचा पेपर होता. आई म्हणाली, मी एकटी आणते. तीन तासांत मी काय लिहिलं, मला आठवत नाही. बाहेर येऊन फोन सुरू केला तेवढ्यात तो वाजला. आईचा असेल वाटलं, पण काटोलहून मावशी बोलत होत्या.

"पेपर कसा गेला?"

"मावशी, आईचा रिपोर्ट..."

"चांगला आहे गा. वाईट काही निघालं नाही. पुढच्या तपासणीची तारीख बी दिली डॉक्टरनं, ते तेवढं ध्यानात ठेव."

मी तिथेच कट्ट्यावर बसलो. मग विचारलं, "आईने तुम्हाला आधी सांगितलं?"

"दवाखान्यातून एकदा केला तिनं फोन. मग गावी पोचून सातऱ्यावरून, साऱ्या बायकाइले ऐकू जाईन असा. सोमवारपासून कामावर चालली म्हणे. एकीनं तिले हळूच म्हटलं, अवं बाई, हे असं मोठ्यानं काहून बोलतं? तं तुही आई तिले म्हणते, चोरी केली का मी?" मावशी हसल्या. "आता तू एक काम कर. येत्या रविवारी गावी जाशीन तं चार-पाच कॅलेंडरं घेऊन जा. मांगून राहिल्या त्या."