नऊपैकी सहा

माझ्या एका शोधनिबंधाचा इतर गणितज्ञांच्या निबंधांत नऊ वेळा उल्लेख झाला आहे. बढतीच्या फॉर्ममध्ये त्यासाठी वेगळा रकाना असतो. टोपॉलॉजी आणि बीजगणित जिथे एकमेकांना भिडतात, तिथलं माझं काम वाचणारे मुळातच थोडे. त्यामुळे नऊ हा आमच्या विभागातला सगळ्यात मोठा आकडा होता, आणि मी तो वर्षभर मिरवला.

फॉर्म भरायच्या आठवड्यात मी ते नऊ निबंध पहिल्यांदा नीट वाचले. तिघांनी माझं प्रमेय वापरलं होतं. एकाने ते खोटं पाडणारं उदाहरण रचलं होतं, आणि पाच जणांनी त्या उदाहरणाचा हवाला दिला होता. प्रमेयात मी 'प्रत्येक ग्रुपसाठी' असं लिहिलं होतं; ग्रुप ही बीजगणितातली एक रचना. 'प्रत्येक सांत ग्रुपसाठी' असं हवं होतं. सांत, म्हणजे ज्यातले घटक मोजून संपतात असा. त्या तिघांचे ग्रुप सांतच होते, म्हणून ते बचावले.

विभागप्रमुखांना मी हे सांगितलं, तेव्हा ते हसले. "मैडम, कॉलम में गिनती माँगी है, चरित्र प्रमाणपत्र नहीं." तीन लिहिलंत तर अर्ज छाननीतच गळेल, पुढची संधी कधी येईल सांगता येत नाही, असंही ते म्हणाले. ते वाईट माणूस नाहीत, त्यांना माझं भलं हवं होतं. मला राग आला तो रकान्याचा. कौतुक आणि खंडन तो एकाच मापाने मोजतो, कारण तो मोजणाऱ्याला निबंध वाचावा लागत नाही. आणि मीही इतके दिवस वाचले नव्हते, याचा राग त्याहून जास्त.

खोलीत बसवेना. स्कूटी काढून पंडरीच्या कापडबाजारापर्यंत गेले, तिथे काही काम नव्हतं, परत फिरले. गोल बाजारात भांड्यांच्या गल्लीत गर्दीत अडकले. या गल्लीत पूर्वी एक छापखाना होता. बाबा रेल्वेत होते, आणि आमच्या वस्तीची सगळी पत्रकं ते तिथेच छापून घ्यायचे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर.

एकदा वस्तीत वाचनालय उघडायचं होतं. पत्रकात लिहिलं होतं, 'सर्वजातीय मुलामुलींसाठी खुले'. छापून आलं, 'स्वजातीय मुलामुलींसाठी खुले'. अर्धी पत्रकं वाटून झाल्यावर ते बाबांच्या लक्षात आलं. उरलेली त्यांनी पेनाने दुरुस्त केली, आणि वाटलेली दुरुस्त करायला ते मला घेऊन दारोदार फिरले. ब्राह्मणपाऱ्यात, म्हणजे ब्राह्मणांच्या मोहल्ल्यात, एका ओट्यावरचे गृहस्थ म्हणाले, रहने दो भैया, हम समझ गए थे. बाबा म्हणाले, तुम्ही काय समजलात तेच तर बदलायला आलोय. त्या गृहस्थांनी पत्रकाचं कधीच पुडकं केलं होतं. बाबांनी त्यातले दाणे त्यांच्या हातावर ओतले, कागद सरळ केला आणि अक्षर सुधारलं.

घरी आले तरी मी या खोलीतून त्या खोलीत फिरत होते. बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"काहून फिरून राहिली?"

मी सगळं सांगितलं. प्रमेय त्यांना कळलं नाही, गळलेला शब्द बरोबर कळला.

"त्या पोट्ट्यानं चूक काढली, त्याले तू कळवलं का, बापा तुह्यं बरोबर हाये म्हणून?"

"नाही."

"मंग फॉर्मचं कायले सांगून राहिली मले? पहिले ते कर."

फॉर्म ऑनलाइन आहे, पण सही केलेली छापील प्रतही द्यावी लागते, असं मी म्हणाले. तिथं पेन चालते ना, एवढंच त्यांनी विचारलं.

त्या संध्याकाळी मी उदाहरण रचणाऱ्याला पत्र लिहिलं आणि नियतकालिकाकडे शुद्धिपत्र पाठवलं. सकाळी छापील प्रतीवर नऊच्या पुढे पेनाने लिहिलं : 'यांपैकी सहा उल्लेख माझी चूक दाखवणारे आहेत.' विभागप्रमुखांनी चष्मा वर करून ते वाचलं, दोनदा वाचलं, आणि सही केली. म्हणाले, गळालात तर माझ्याकडे रडत यायचं नाही.

निकाल अजून लागलेला नाही. रोज दुपारी मेल उघडून बघते. शुद्धिपत्र मात्र स्वीकारलं गेलं आहे. छापून आलं की त्यात माझ्या जुन्या निबंधाचा उल्लेख असेल, आणि रकान्याच्या हिशोबात नऊचे दहा होतील. तेव्हा पुन्हा पेन काढावं लागेल.